खुणेची अंडी

स्वप्नाने पाचवं अंडं ताटलीच्या कडेवर आपटलं. आत पाणचट पांढरं आणि पसरलेला बलक. रक्ताची एक रेघ नाही, डोळ्याचा काळा ठिपका नाही, पिल्लाचा मागमूस नाही. एकवीस दिवस अंडी उबवायच्या मशीनमध्ये राहून अंडं जसं आत गेलं तसंच बाहेर आलं होतं, फक्त शिळं होऊन.

तिच्या मागे पडवीत, बल्बखाली ठेवलेल्या खोक्यात पाच पिल्लं चिवचिवत होती.

"फोडत काय बसलीयस?" सासू जाईबाई उंबऱ्यात कुळीथ पाखडत होती. "पाच निघाली ना? कमळीच्या हाताला यश हाय."

स्वप्नाने सहावं अंडं उचललं.

पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नव्हतं. तेव्हा तिच्या नवऱ्याने, राकेशने, घर डोक्यावर घेतलं होतं. तो जयगडच्या बंदरावर कामाला, त्यामुळे यंत्रातलं आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. त्याने मशीनची उष्णता मोजली, पाण्याची वाटी मोठी केली, लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर आणला. शेवटी मशीन विकणाऱ्याला फोनवर नाही नाही ते बोलला. त्या बिचाऱ्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "साहेब, कोंबडा बघितलात का?" राकेशने फोनच ठेवून दिला.

कोंबड्यात काय बघायचं? चिपळूणच्या बाजारातून निवडून आणलेला. तुरा केवढा, ऐट केवढी, बांग दिली की वरच्या वाडीतली माणसं उठून बसत. त्याच्या जातीत भेसळ नको म्हणून राकेशने परसात जाळी ठोकून कोंबड्या आत कोंडल्या होत्या. मोबाइलवर फोटोही त्याचाच लावला होता. बायकोचा कधी लावल्याचं स्वप्नाला आठवत नव्हतं.

मग चुकलं कुणाचं? ते शोधायला जाईबाईला थर्मामीटर लागला नाही.

"अंडी बसवायला लेकुरवाळीचा हात लागतो," ती म्हणाली होती. "तुजा हात लागला न् सगळा नासला."

म्हणून दुसऱ्या खेपेला शेजारच्या कमळाला बोलावणं गेलं. तीन पोरांची आई. जाईबाईने तिला मशीनपुढे पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, आणि स्वप्नाला सांगितलं, "तू जरा खळ्यात उभी ऱ्हा."

स्वप्ना बाहेर अंगणात, उन्हात उभी राहिली. अपमानाने तिचे कान तापले होते. पण आदल्याच दिवशी पाणंदीत तिने कमळाला गाठलं होतं.

"कमळे, तुझ्या घरची सहा अंडी पण मशीनमध्ये गुपचूप घाल. पेन्सिलीने फुली मारून आण."

"कशाला गो?"

"मला बघायचंय."

कमळाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि मान डोलावली. तिच्या घरी कोंबडा होता तो एका पायाने लंगडा, मानेवरची पिसं झडलेला. उकिरडा उकरत फिरायचा. त्याचा फोटो कोण काढतो!

लग्नाला आठ वर्षं झाली होती. रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी स्वप्नाच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि तुमच्यात काही दोष नाही, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या, असं सांगितलं. राकेश म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" विषय संपला. आता जाईबाईच्या भावाने राकेशसाठी दुसरी मुलगी सुचवली होती. शिमग्यापर्यंत वाट बघायची, नाहीतर स्वप्नाला खेडला माहेरी पोचवायचं, असं घरात तिच्या देखत बोललं जाई. राकेश त्यावर हो म्हणत नसे. नाहीही म्हणत नसे.

राकेश ड्युटीवरून आला तो थेट खोक्यापाशी गेला.

"बघ! निघाली की नाही? माझ्या कोंबड्याची पोरं!"

"ही टरफलं बघा," स्वप्ना म्हणाली.

टरफलांच्या बुडाशी पेन्सिलीची फुली होती. पाचही टरफलांना.

"ही कमळाच्या घरची अंडी, सहातली पाच निघाली. आपल्या जाळीतली सगळी ताटलीत आहेत. कोरी. हात एकच, कमळाचा. मशीन एकच, ऊब एकच."

राकेशने ताटलीकडे पाहिलं. मग टरफलांकडे. त्याचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"म्हणजे आपल्या कोंबड्याच वांझ!"

"सगळ्या?" स्वप्नाने विचारलं. "एकूण एक?"

राकेशने एक टरफल उचलून त्यावरची फुली अंगठ्याने घासून बघितली.

"कोंबडा बदलून बघायचा का?" स्वप्ना म्हणाली.

जाईबाईचं सूप थांबलं. तिने मान वळवून परसातल्या जाळीकडे पाहिलं, मग लेकाकडे, मग सुनेकडे. जन्म गेला होता तिचा कोंबड्या पाळण्यात. स्वप्नाला तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं, म्हातारीला कळलंय. नुसतं कोंबड्याचं नव्हे, सगळं कळलंय. आणि त्या क्षणी स्वप्नाला वेडी आशा वाटली. बाईच ती, आता तरी बोलेल.

जाईबाईने सुपातला एक खडा वेचून खळ्यात भिरकावला.

"कोंबडा ऱ्हाव दे," ती म्हणाली. "रुबाबदार हाय. तू कोंबड्या बदल, राकेश. कोवळ्या तलंगा आण. अजून अंड्यावर न आलेल्या."

तिने सूप पुन्हा हलवायला घेतलं. या खेपेला तिने वर पाहिलं नाही.

रविवारी राकेश मोटारसायकलला टोपली बांधून तलंगा घेऊन आला. जुन्या कोंबड्यांचे पाय बांधून त्याने त्या खळ्यात ओळीने ठेवल्या. बाजारात न्यायच्या होत्या. तलंगा जाळीत सुटल्या, कोंबडा पंख फुलवून त्यांच्याभोवती फिरू लागला. राकेशने मोबाइल काढला.

स्वप्ना बॅग घेऊन पडवीच्या पायरीवर आली.

"कुठे?" राकेशने विचारलं.

"खेडला. पोचवायला नको कुणी, एस्टी आहे."

"वेड लागलंय काय तुला? शिमगा अजून..."

स्वप्ना जाईबाईपुढे जाऊन उभी राहिली. नेहमीच्या सवयीने वाकून पाया पडली. जाईबाईचा हात आशीर्वादासाठी उठला आणि अर्ध्यावरच राहिला.

"आई, तलंगा अंड्यावर आल्या की अंडी मशीनमध्ये घाला," स्वप्ना म्हणाली. "कमळालाच बोलवा. एकवीस दिवस झाले की फोडा. पण तेव्हा खळ्यात उभं करायला मी नसेन. तुम्हीच फोडा, आणि यांना दाखवा."

जाईबाई खाली बघून तलंगांसाठी तांदळाच्या कण्या निवडत राहिली.