शेपटीतली पोकळी

मी लेझरचा कॅमेरा. लग्नातले फोटो काढणारा नव्हे. विमानाचे भाग न फोडता त्यांच्या आतलं दुखणं पाहणारा. सध्या संग्रामपूरजवळच्या एका शेडमध्ये रंगाच्या डब्यांमागे पडलो आहे. माझ्यावर चिठ्ठी लावली आहे : 'नादुरुस्त'. ती खोटी आहे.

माझं काम साधं. भागावर लेझरचा उजेड टाकायचा आणि दिव्याने तो जरासा तापवायचा. आतले थर सुटले असतील तर तेवढी जागा केसाहूनही कमी फुगते, पण माझ्या पडद्यावर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं फुलपाखरू उमटतं.

मला चालवायची मयुरी, फिजिक्स शिकलेली. शेजारी कापसाचं जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना. ते सुरू झालं की जमीन थरथरायची आणि माझ्या पट्ट्या विस्कटायच्या.

दिवाळीच्या आधी एका शिकाऊ विमानाची शेपटी तपासायला आली. डाव्या बाजूला फुलपाखरू दिसलं.

"जिनिंगची थरथर हाय ते," मालक उकंडराव म्हणाले. "सही कर. गाडी उभी हाय."

मयुरी तडक जिनिंगवर गेली. तिथे त्याच दिवशी कापसाचा मुहूर्त होता. नारळ फुटून मशीन नुकतंच सुरू झालं होतं.

"पुंजाजीकाका, दहा मिनिटं मशीन बंद ठेवा."

"मुहूर्ताच्या दिवशी? काऊन वं पोरी, माह्या धंद्यावर उठली काय?"

"त्या विमानात शिकणारी पोरं बसतीन, काका."

पुंजाजींनी टोपी मागे सारली. "बंद करा बे. कोनी इचारलं तं सांगा, मालक येडा झाला."

जमीन निवली. फुलपाखरू तिथेच होतं, आधीपेक्षा ठसठशीत.

उकंडरावांनी पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग तुहा कॅमेराच बिघडला."

मयुरीने सही केली नाही. शेडमधल्याच गोपालने आवाजावरून पोकळी ओळखायच्या जुन्या रीतीने नाण्याने शेपटी टकटक वाजवली, कान दिल्यासारखं केलं आणि सही ठोकली. संध्याकाळी शेपटी गेली. मयुरीलाही घरी बसवलं.

आता पाहुणे पाहणीला आले की माझी चिठ्ठी काढतात, मला पुसतात आणि समोर एक ठणठणीत तुकडा ठेवतात. पडदा कोरा राहतो. पाहुणे माना डोलावतात, चहा पितात. तेवढ्यापुरता मी दुरुस्त असतो. माणसांना 'काही नाही' म्हणणाराच डॉक्टर आवडतो.

माझी चिठ्ठी राहू द्या. मयुरीला बोलवा आणि ती शेपटी एकदा माझ्यासमोर धरा. ती अजून उडते आहे.