सगळ्या पानांवर एकच वाक्य

मेहकरच्या बसस्टँडमागे शाकिरभाईंची एक खोली होती आणि त्या खोलीतून शेतकऱ्यांना सल्ला देणारी वेबसाइट चालायची. सल्ला देणाऱ्यांपैकी शेतात कोणी जात नव्हतं, ती गोष्ट वेगळी. दीपमाला तिथं लिहायला होती. कापूस पिकवणाऱ्या कडूबाची ही मुलगी, तेव्हा तिला शेतीतलं सगळं कळतं, असं शाकिरभाईंनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

त्या वर्षी बीटी कपाशीलाही गुलाबी बोंडअळीनं पोखरलं. ज्या बियाण्याला अळी लागणारच नाही म्हणून सांगितलं होतं, त्याच्याच बोंडांत ती निवांत बसून होती. माणसं पाठीवर पंप घेऊन फवारत सुटली आणि बांधावर बसून मोबाइलमध्ये उपाय शोधू लागली. शाकिरभाईंचं बोंडअळीचं पान मात्र गूगलवर कुठं तरी तळाला लोळत होतं.

"दुसऱ्याच्या पानावर जे हाय ते सारं आपल्या पानावर पाहिजे," शाकिरभाई म्हणाले, "अन् त्याच्यापाशी जे नाही तेबी. विषय पुरा झाला का गूगल आपोआप वर नेते."

दुसऱ्यांच्या पानांवर नसलेला एक विषय तिला सापडला: फवारताना विषबाधा झाली तर काय करावं. खरं तर डॉक्टरला विचारायला हवं होतं. पण पान त्याच दिवशी चढवायचं होतं, म्हणून तिनं गावात सगळे सांगतात तेच लिहून दिलं. 'आधी पोटभर दूध पाजावे, विष उतरते. नंतर गरज वाटल्यास दवाखाना.' उचलली जीभ, लावली टाळ्याला! पान चढत चढत पहिल्या जागेवर गेलं. शाकिरभाईंनी कचोऱ्या मागवल्या आणि दीपमालानं त्या चवीनं खाल्ल्या.

मग एका दुपारी गावाहून, दुसरबीडहून तिच्या भावाचा, सागरचा फोन आला.

"ताई, बाबाले फवारता फवारता चक्कर आली. उलट्या करून राह्यले, डोयाले नीट दिसून नाही राह्यलं."

"दवाखान्यात ने मग."

"नेतो ना. पहिले दूध पाजतो. मोबाइलवर पहिल्याच पानावर लिहून हाय."

फोन कट झाला. विष अंगात गेलेल्या माणसाला दूध चालतं की नाही, हे दीपमालाला माहीत नव्हतं. लिहिलं तेव्हाही नव्हतं. तिनं गूगलवर शोधलं. पहिलं पान तिचंच होतं. तिनं दुसरं उघडलं, तिसरं उघडलं. सगळीकडे पोटभर दूध, सगळीकडे गरज वाटल्यास दवाखाना. ज्यानं त्यानं आपापलं पान पुरं करताना तिचंच वाक्य उचललं होतं. आंधळ्यामागे आंधळे चालले होते आणि सगळ्यांत पुढचा आंधळा ती स्वतः होती. तिची पाचावर धारण बसली. तिनं सागरला परत फोन लावला.

"सागर, दूध नको पाजू. तसंच गाडीवर बसव अन् दवाखान्यात ने."

"काऊन? चार जागी पाह्यलं म्या. सारेच खोटं लिहून राह्यले काय?"

"ते म्या लिहिलं रे. बाकीच्यायनं माह्यंच पाहून लिहिलं."

सागरचा आवाज एकदम सैल पडला.

"मंग त चांगलंच हाय ना, ताई. तू डॉक्टरले विचारूनच लिहिलं असशीन."

"नाही," दीपमाला म्हणाली. "कोणालेच नाही विचारलं."

सागरच्या मागून तिची आई, अन्नपूर्णाबाई बोललेली तिला स्पष्ट ऐकू आली. घरातलं मोठं काम मार्गी लागल्यासारखा तिचा आवाज होता.

"सांग तिले, काळजी नको करू म्हणा. सारा गिलास पेले तिचे बाबा."