ब्रेकात बसेल का?

शाळेत मधली सुट्टी असते. नाटकाला मध्यंतर असतं. पाऊस थांबला की उघाड म्हणतात. या शब्दांत एक भरवसा आहे, थांबलंय ते पुन्हा सुरू होणार. आमच्या चाकणच्या कारखान्यांच्या पट्ट्यात मात्र 'ब्रेक' असतो. कंत्राटी माणसाचे सलग दिवस भरत आले, उद्या हा कायम करा म्हणेल अशी भीती वाटली, की त्याला महिनाभर घरी बसवायचं. मग बोलावलं तर बोलावलं. हा शब्द ज्यानं या कामाला जुंपला त्याची जीभ झडो.

समाधान माझ्याच लाइनवर होता आणि भोसरीत माझ्या शेजारच्याच खोलीत राहायचा. मध्ये नुसता पत्रा. त्याचे वडील हरिहरआबा. जन्मभर लातूरकडे टेम्पो चालवला, आता फुप्फुसं कामातून गेलेली. दवाखान्यानं सांगितलं, घरी न्या, सेवा करा.

समाधाननं सुट्टी मागितली तेव्हा मी कॅन्टीनमध्ये त्याच्या शेजारीच उभा होतो. कंत्राटदाराचा सुपरवायझर जयदीप चहा फुंकत म्हणाला, "सुट्टी कशाला, राव? ब्रेक आलाच आहे तुझा. आत्ताच घे. वडिलांचं काय ते होऊन जाईल, तेरावापण त्यातच बसव. नंतर मात्र एक दिवस मिळायचा नाही."

माझा घास तोंडातच राहिला. त्याहून मोठा धक्का पुढं होता. समाधान म्हणाला, "थँक्यू सर." अगदी मनापासून.

ब्रेक सुरू झाला. एरवीच्या रात्रपाळ्या-दिवसपाळ्यांत पोरानं बापाला इतकं जवळून कधी पाहिलं नसेल. रोज अंग पुसायचा, दाढी करायचा. पत्र्यापलीकडून मला ऐकू यायचं.

"ब्रेक तर गाडीला असतो," आबा म्हणायचे, "माणसाला कुठनं आला लेका?"

"आमी गाडीच हाव की आबा."

दोघं हसायचे. मग आबांना खोकला यायचा. पण आबा सावरू लागले होते. भिंतीला टेकून बसायचे, समाधानच्या बायकोला, रुपालीला, पिठलं तिखट कर म्हणायचे.

आणि एका सकाळी मी त्यांच्या दारात उभा असताना जयदीपचा फोन आला. समाधानचे हात साबणाचे, म्हणून त्यानं स्पीकर लावला.

"काय रे, झालं का?"

"काय सर?"

"वडिलांचं रे. अजून नाही? ब्रेकचे दहा दिवस संपले भावा. तेरावा कसा बसायचा मग? मला माणसं लावायची असतात."

समाधाननं ओल्या हातानंच फोन बंद केला. आबा खिडकीकडं बघत होते. काही ऐकलंच नाही असं दाखवत होते.

त्या दिवसापासून त्यांची भूक गेली. पेज नको, दूध नको. समाधान घाबरला, मला म्हणाला, "चांगले होत होते की रे, एकाएकी काय झालं?" दवाखान्यात नेऊ म्हटलं तर आबा हात झटकायचे.

मग रुपालीनं खाटेखाली झाडू घातला. तिची किंकाळी ऐकून समाधान आणि मी धावलो. झाडूपुढं गोळ्या होत्या. चघळून थुंकलेल्या, काही तशाच कोरड्या. रोज ती स्वतःच्या हातानं जिभेवर ठेवायची त्याच.

"आबा, हे काय करायलाव तुमी?" रुपाली म्हणाली.

म्हाताऱ्यानं बोटं मोजायला हात वर केला. "चार दिवसांत गेलो तर तेरावा धरून बसतंय गं. उशीर झाला तर पोराचं काम जाईल. तुझ्या ब्रेकात बसाया पायजे ना मी, समाधान?"

आमचा तो शब्द, शिफ्ट सुटताना आम्ही थुंकल्यासारखा टाकायचो तो, एका बापानं उचलून स्वतःच्या मरणाला माप म्हणून लावला होता.

समाधान गॅलरीत आला. त्यानं माझ्यासमोरच जयदीपला फोन लावला. "सर, आबा जिवंत हायेत. बरे होईपर्यंत मी येत न्हाई."

"मग येऊच नकोस. लाइन थांबत नाही तुझ्यासाठी." फोन कट.

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो काढला, तोंड पुसलं आणि आत गेला.

"आबा, सर म्हणले ब्रेक वाढवलाय."

"कितीनं?"

"आकडा न्हाई सांगितला. लई लांब हाय."

आबांनी रुपालीकडं पाहिलं. गॅलरीतलं सगळं तिनं ऐकलं होतं. तिनं मान हलवली, हो म्हणाली.

"मग दे बाई थोडी पेज," आबा म्हणाले. "मीठ घाल."