झेइनो, वय एकोणीस

श्रीरंगने माझा कागद हातात घेतला, दोन ओळी वाचल्या आणि शीळ घातली.

"अगं सुनेत्रा, ही नोंद आहे की फाशीचा हुकूम? बाईंनी लाल पेन्सिल संपवली यार तुझ्यावर."

शिकागोतला तो शहाऐंशीचा फेब्रुवारी. विद्यापीठात पश्चिम आशियातल्या लेखकांचा कोश तयार होत होता आणि आम्ही दोघे विद्यार्थी त्यात कामाला होतो. श्रीरंग कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचा, मी नोंदी लिहायचे. माझ्या वाट्याला आला होता नेजदेत अर्कुन. तुर्की शिक्षक, लोकगीतांचा संग्राहक. त्याच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत ठणकावून लिहिलं होतं, की कुर्द नावाचे कुणी लोकच नाहीत. डोंगरात राहून आपली भाषा विसरलेले ते तुर्कच. वाचून माझं डोकं तापलं. मी त्याला खोटारडा लिहिलं, सरकारचा भाट लिहिलं, आणि नोंद संपवली.

संपादक लिंडग्रेनबाईंनी समासात लिहिलं होतं : "वाचकाला माहिती हवी, निवाडा तो करील. शुक्रवारपर्यंत तोल आला नाही तर नोंद गाळू."

"गाळू देत," मी म्हटलं. "असल्या माणसाला कोशात जागा कशाला?"

आमच्याकडे रीत अशी होती, की छापायला जाण्याआधी प्रत्येक नोंद दोघांनी मिळून तपासायची. एकाने मूळ पुस्तकातली अवतरणं स्वल्पविरामासकट मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून ऐकायचं. माझं तुर्की वाचून समजण्यापुरतंच, म्हणून मोठ्याने वाचायला गुलिझार यायची. पस्तिशीची, जर्मनीमार्गे इकडे आलेली. ती कुर्द आहे हे मला ठाऊक होतं, म्हणूनच त्या दुपारी तिच्यासमोर बसायची मला लाज वाटत होती.

ती वाचू लागली. बसचं वेळापत्रक वाचावं तशा आवाजात. "कुर्द असा वेगळा समाज, स्वल्पविराम, इतिहासात कधीच नव्हता, पूर्णविराम." माझं बोट जागीच थिजलं.

"थांबलीस का? स्वल्पविराम आहे का तुझ्याकडे?"

"आहे. पण गुलिझार, हे वाचायची गरजच नाही. बाई ही नोंद गाळणार आहेत. बरंच झालं."

तिने पुस्तक मिटलं. "तू हे वाचलंस?"

"वाचलं म्हणजे... प्रस्तावना वाचली."

"आणि गाणी?"

गाणी मी उघडलीही नव्हती. नोंदी लिहिणाऱ्यांची ही जुनी खोड. ढीग मोठा, दिवस थोडे. प्रस्तावना वाचायची, निष्कर्ष उचलायचा, पुढचं पुस्तक ओढायचं. या वेळी तर रागाने माझं काम आणखीच सोपं केलं होतं.

गुलिझारने एकशे बारावं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. गाणं तुर्कीत होतं, खाली बारीक अक्षरात एक टीप. तिने बोट ठेवलं : "गाणारी झेइनो, वय एकोणीस, गाव गेलीसोर."

"माझी मावशी," ती म्हणाली. "ताक घुसळताना गायची. ती गेली. गावाचं नाव नकाशावर आता दुसरंच आहे. आमच्या घरात तिचा एक फोटोसुद्धा नाही. ती गेलीसोरची होती हे जगात फक्त इथे छापलंय. याने लिहिलंय, याने, जो म्हणतो आम्ही नाहीच."

"तुला राग नाही येत त्याचा?"

"येतो ना! रोज येतो. पण नोंद गाळलीस तर या पुस्तकाकडे कोण फिरकेल? त्याने आम्हाला नाकारलं, ते लिही. मावशीचं नाव राखलं, तेही लिही. मला दोन्ही हवंय."

बुधवार-गुरुवार आम्ही दोघी खिडकीजवळच्या टेबलावर बसलो. मी सगळी गाणी वाचली, एकशे चाळीस. मी लिहिलं, "अर्कुनची अशी श्रद्धा होती", तर गुलिझारने माझं पेन धरलं. "त्याच्या मनात काय होतं, तुला काय ठाऊक? त्याने काय लिहिलं तेवढं सांग." मी ओशाळून खोडलं. मग लिहिलं : कुर्द हा वेगळा समाज नाही असं त्याने प्रस्तावनेत लिहिलं. कुर्दी ही इराणी कुळातली स्वतंत्र भाषा असल्याचं भाषाशास्त्रज्ञ मानतात. गाणी कुर्दीत गायली गेली, त्याने ती तुर्कीत छापली. गाणाऱ्या बायांची नावं, वयं आणि गावांची त्या काळची नावं त्याने टिपांत नोंदवली. तोलायचं म्हणजे खऱ्याखोट्याला निम्मं-निम्मं माप घालायचं, असं मला आधी वाटायचं. इथे फक्त एकही दाणा सांडू द्यायचा नव्हता.

शुक्रवारी लिंडग्रेनबाईंनी चष्मा वर करून नोंद वाचली.

"आता बरी आहे. शेवटचं वाक्य मात्र काढू. टिपांमध्ये काय आहे हे कोशात कशाला? जागा कमी आहे."

मी बोलणार तोच माझ्याशेजारी उभी असलेली गुलिझार म्हणाली, "बाई, बाकीची वाक्यं त्याच्याबद्दल आहेत. तेवढं एक आमच्याबद्दल आहे."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. पेन्सिल हवेतच होती. त्यांनी ती खाली उतरवली आणि वरच्या परिच्छेदातली अर्कुनच्या दोन पदकांची ओळ खोडली.

"जागा झाली," त्या म्हणाल्या. "श्रीरंगकडे द्या."

श्रीरंगने कागद घेतला, या वेळी शेवटपर्यंत वाचला, आणि विनोद न करता खुर्ची ओढून टाइप करायला बसला.

बाहेर बर्फ वितळून रस्ताभर राड झाली होती. गुलिझारला मी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या एका भारतीय हॉटेलात चहा-समोसा घ्यायला नेणार होते. तिचे आभार मानायचे होते, पण आपल्या माणसाचे आभार कसे मानतात हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. बसमध्ये मी एवढंच म्हटलं, "एकशे बारावं पान मी तुर्कीत वाचलं. मावशीच्या बोलीत ऐकव ना."

समोरच्या सीटवर एक म्हातारा पेंगत होता. गुलिझारने खिडकीकडे तोंड केलं आणि हळू आवाजात गाणं धरलं. गुडघ्यांवर तिचे दोन्ही हात पुढे-मागे होऊ लागले, तिकडे ताक घुसळायची कातड्याची पिशवी झुलवतात तसे. शब्द मला कळत नव्हते. अर्थ तुर्कीतून ठाऊक होता, आणि तो माझ्या मनात आपोआप आपल्या ओवीच्या चालीवर बसत गेला :

हाल गं पखाली, लोणी येऊ दे वरती
भाऊ माझा घाट चढे, वाट त्याची पाहू किती

"परत म्हण," मी म्हटलं, आणि तिने परत म्हटलं.