आगेऱ्याच्या लोंब्या

आमच्या चर्चमध्ये 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही प्रार्थना सगळे मिळून सुरू करतात आणि ज्याच्या त्याच्या वेळेला संपवतात. मलयाळी पुढे पळतात, मंगळूरकर मधेच रेंगाळतात, झारखंडचे उरांव शेवटचा शब्द धरून ठेवतात आणि आम्ही वसईकर, ज्यांची ही भाषा, ते बाकीच्यांकडे डोळे वटारण्याच्या नादात ओळ चुकतो. मी तर दर रविवारी चुकते. मी इस्तेर डाबरे. शहापूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, आणि माझं तोंड कसं आहे ते गिऱ्हाइकं तुम्हाला सांगतीलच.

कसाऱ्यापासून थेट टोकावड्यापर्यंत आमचं हे एकच चर्च. कोणी रेल्वेत, कोणी भातसा धरणावर, कोणी मुरबाडच्या कारखान्यात, कोणी दवाखान्यात नर्स. सगळे पोटामागे आलेले. इथे शेत असलेला एक माणूस आमच्यात नाही. म्हणून आगेरा हे माझं एकटीचं खूळ आहे, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. आगेरा म्हणजे आमच्या वसईकडचा नव्या भाताचा सण. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची जुडी वाजतगाजत चर्चमध्ये न्यायची, वेदीवर ठेवायची, आशीर्वाद झाला की घरटी एकेक लोंबी वाटायची. ती घरी नेऊन लोक क्रूसाला बांधतात. 'गुंठाभर जमीन नाही आणि भाताचे आभार कसले मानता?' असं एकाने मला विचारलं होतं. मी म्हटलं, दुपारी काय जेवता?

दरवर्षी माझा भाऊ वसईहून जुडी आणायचा. यंदा त्याने शेत लावलंच नाही. मी हातपाय गाळून बसले होते, तेव्हा सिलास तिर्की म्हणाला, "आंटी, टेन्शन नाही. मी आणतो." सिलास झारखंडचा, हायवेवरच्या एका हॉटेलात आचारी आहे. शनिवारी संध्याकाळी तो चर्चच्या कुंपणापलीकडे राघोदादाच्या खाचरावर गेला. बांधावर राघोदादाचा मुलगा भावेश फोनवर बोलत उभा होता. भावेश कल्याणला नोकरीला, सुट्टीच्या दिवशीच घरी सापडणारा. सिलासने विचारलं आणि तो म्हणाला, "घ्या की. एक जुडी तर."

काय आगेरा झाला यंदा! ढोल उरांव पोरांचा, टाळ मंगळूरकरांचे, गाणं आमचं वसईचं, आणि जुडी डोक्यावर घेतली कसाऱ्याच्या तमिळ आरोक्यम्माने, कारण पडू न देता चालणं फक्त तिलाच जमतं. प्रत्येक घराने आपली लोंबी रुमालात गुंडाळून नेली. मी घरी आले आणि भावाला फोन करून तासभर बढाया मारल्या.

सोमवारी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर राघोदादा.

राघोदादा कोण, ते सांगायला हवं. चर्चची इमारत नव्हती तेव्हा पहिली काही वर्षं आमची मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, या कुणबी माणसाच्या खळ्यावर व्हायची. शनिवारी त्याची बायको सुंदरा खळं सारवून ठेवायची. माझा नवरा पास्कल गेला तेव्हा कबर खणताना काळा कातळ लागला, तर राघोदादा न बोलावता पहार घेऊन आला होता. या माणसाच्या उपकारात आमचं अख्खं चर्च उभं आहे.

"इस्तेरबाय," तो म्हणाला, "माझ्या खाचरातली जुडी तुमी नेली का?"

"नेली. भावेशने दिली. काय झालं दादा?"

"त्या पोराला काय ठावं नाय. पयली जुडी गावदेवीची. मंगळवारी ती देवीपुढं ठेवल्याबिगर गावात कोनी विळा लावत नाय. आनि ती जुडी आमच्याच घरची लागते. माझ्या आज्याच्या बापापासून तो मान आमच्या घरात हाय."

"मग दुसरी कापा ना. शेत तर भरलंय."

"दुसरी ती दुसरीच झाली ना." तो माझ्या मशीनकडे बघत बोलत होता. "लडकूबाबा म्हनला, देवीची जुडी भायेर गेली तं मान बी गेला. उद्या दुसऱ्या घराला द्यायचा म्हनतात."

लडकूबाबा म्हणजे त्यांच्या गावदेवीची पूजा करणारा म्हातारा. त्याचा शब्द गावात कोणी मोडत नाही. राघोदादा भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडण मला जमतं. पण तो नुसता खाली बसून राहिला. जुडी परत द्या, असंही म्हणाला नाही. मीच विचारलं, परत हवी का. तर म्हणतो, "तुमच्या देवापुढं ठेवलेली मी कशी मागू?"

दुकानाचं शटर ओढून मी तडक फादरांकडे गेले. फादर बेनेडिक्ट मंगळूरचे, मऊ बोलणारे, घाई कशाची ती त्यांना माहीत नाही. सिलासलाही तिथेच बोलावून घेतलं. ऐकल्यावर त्याने डोकंच धरलं. "आंटी, आमच्या गावीपण असंच असतं. नवाखानीचा सण झाल्याशिवाय नवा दाणा तोंडात टाकत नाही. मी बापाला विचारायला पाहिजे होतं. पोराला विचारलं."

फादरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता हे आशीर्वादित वस्तूंवर प्रवचन देणार. पण ते म्हणाले, "आशीर्वाद परत घेता येत नाही, इस्तेरबाई. तो लोकांना मिळाला. लोंब्या परत देता येतात. जा, घेऊन या." मी दारापर्यंत पोचले तेव्हा मागून म्हणाले, "बिशपांना मी सांगेन. सावकाश."

त्यांनी चर्चच्या ग्रुपवर निरोप टाकला: कालच्या लोंब्या जपून ठेवा, मोडू नका, आम्ही न्यायला येतोय. त्याखाली तिघांनी हात जोडले आणि एकाने गुलाबाच्या फुलासह शुभ सकाळ पाठवली.

सिलास मुरबाड-टोकावड्याच्या बाजूला गेला. माझ्या वाट्याला कसारा आणि भातसानगर. मी एसटीची वाट बघत उभी होते तेवढ्यात समोर भावेशची मोटरसायकल येऊन थांबली. त्याने कल्याणला रजा कळवली होती. "बसा मावशी," एवढंच म्हणाला. बाप त्याला एक शब्दही बोलला नव्हता, आणि तेच त्याला फार लागलं होतं. या वयात मी मोटरसायकलवर बसणं हा काय प्रकार असतो ते सांगत नाही. खर्डीपर्यंत मी सगळ्या संतांची नावं घेतली.

आणि लोकांनी काय करावं? नाताळच्या केकवर मनुका किती घालायच्या यावरून दोन महिने अबोला धरणारी ही माणसं. मी प्रत्येक दारात तोंड उघडायच्या आत लोंबी हातात ठेवत होती. एकाने क्रूसाला बांधलेली सोडून दिली, एकीने बाळाच्या पाळण्याची काढून दिली. कसाऱ्याला आरोक्यम्माने तर घोळ करून ठेवला होता. घरात तांदूळ कधी संपू नये म्हणून तिने लोंबी झोडून दाणे तांदळाच्या डब्यात टाकले होते. मी डोक्याला हात लावला. तिने डबा चादरीवर उपडा केला, दोन्ही मुलींना हाका मारल्या, आणि पांढऱ्या तांदळातून सालीचे दाणे वेचायला बसली. आम्हीही बसलो. सगळे दाणे कागदाच्या पुडीत बांधून मोकळी लोंबीही तिने सोबत दिली. निघताना मला तिचे पाय धरावेसे वाटले, पण ती माझ्याहून लहान आहे.

शेवटचं घर भातसानगरला, वर्गीसचं. वर्गीस धरणाच्या ऑफिसात कामाला, निवृत्तीला थोडे दिवस राहिलेले. त्याची बायको अन्नम्मा दीड वर्षापासून अंथरुणावर. अर्धं अंग गेलं, बोलणं गेलं. वर्गीस मला आतल्या खोलीत घेऊन गेला.

"रविवारी तिच्या हातात दिली," तो म्हणाला. "तिच्या माहेरी, केरळात कुट्टनाडला, भाताची शेती. लग्नाआधी ही स्वतः लावणी करायची. लोंबी हातात दिली आणि तिने मूठ मिटली. कालपासून सोडत नाही. औषध देताना सोडत नाही. खूप दिवसांनी तिने काहीतरी धरलंय, इस्तेर."

मूठ छातीवर होती. बोटांमधून लोंबीचं टोक तेवढं बाहेर आलेलं. वर्गीस खाली बसला आणि तिचं एकेक बोट हळूहळू उकलायला लागला, कारण ग्रुपवर निरोप आला होता आणि हा माणूस निरोप मोडणारा नाही. अन्नम्मा त्याच्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"राहू दे वर्गीस," मी म्हटलं.

भावेश दारात उभा होता. त्याच्या घराचा मान त्या मुठीत होता. तो म्हणाला, "चला मावशी. उशीर होतो."

संध्याकाळी लडकूबाबाच्या अंगणात जमलेल्या सगळ्या लोंब्या सुपात ओतल्या. सिलासने टोकावड्याहून एकूण एक आणली होती. सुंदराने त्यांची पुन्हा जुडी बांधली, पुडीही त्यात खोचली. राघोदादाच्या तोंडावर सकाळपासून पहिल्यांदाच उजेड दिसला. आणि तेव्हा मला सांगावं लागलं की एक राहिली. कुणाकडे राहिली, का राहिली, सगळं सांगितलं. लडकूबाबा सूप उचलून म्हणाला, "सकाली देवीपुढं काय ते."

मंगळवारी मीही गेले. गावदेवीच्या उंबराखाली सगळा गाव उभा, मी आणि सिलास मागे. राघोदादाने जुडी देवीपुढे ठेवली. झाकून टाकता आलं असतं. एवढ्या लोंब्यांत एक कमी, कोणाला दिसणार? पण तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

"आये, ही तुझी जुडी. येक लोंबी कमी हाय. भातसानगरला येका आजारी बाईच्या मुठीत हाय ती. आमी नाय सोडवून आनली. राग आसंल तं माझ्यावर धर."

सगळे लडकूबाबाकडे बघायला लागले. म्हाताऱ्याने वाकून जुडीवरून हात फिरवला. मग त्याने गावाला विचारलं, "देवीची लोंबी ज्या घरात असते ते घर कुनाचा?"

"गावाचा," कोणीतरी म्हणालं.

"मंग जुडी गावाच्या भायेर गेलीच नाय. मान हाय तिथंच हाय." मी सुटकेचा श्वास टाकला, पण त्याचं संपलं नव्हतं. "पन राघो, मान तुजा, तं देवीचे पोहे घरोघर पोचवायचं काम बी तुजा. ज्या ज्या घरात लोंबी गेली, त्या समद्या घरी जायचा."

"कसाऱ्यापासनं टोकावड्यापातुर?" राघोदादा म्हणाला.

"मान पायजे ना?"

लोक हसले. राघोदादाही हसला. मी मात्र रडले, आणि मला रडताना शहापुरात आजवर फार थोड्यांनी बघितलंय.

त्या दिवशी गावात विळा लागला. बायकांनी नवं भात भाजून, कांडून पोहे केले, त्यात गूळ आणि खोबरं घातलं. बुधवारी सकाळी राघोदादा स्वच्छ टोपी घालून, मांडीवर मोठा डबा घेऊन भावेशच्या मागे बसला. रस्ता दाखवायला मी सिलासच्या गाडीवर. पहिलं घर कोणतं घ्यायचं ते राघोदादाने आधीच ठरवलं होतं.

वर्गीसने दार उघडलं आणि राघोदादाला बघून त्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं, लोंबी न्यायला आले. तो बाजूला झाला. राघोदादा चपला बाहेर काढून आत गेला, खाटेजवळ बसला. अन्नम्माने मूठ आणखी आवळली. राघोदादाने त्या मुठीला हात लावला आणि हात कपाळाला टेकवला. मग चिमूटभर पोहे तिच्या ओठांवर ठेवले. ती सावकाश चघळायला लागली. नव्या भाताची चव तिला कळली असणार, कारण तिने दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं. वर्गीस दाराला धरून उभा होता.

राघोदादाने दुसरी चिमूट भरवली. आणि जिला मराठीचे चार शब्द कळत असतील नसतील, तिला आपल्या बोलीत म्हणाला, "धर गो आये. सोडू नको."