धुतलेली मासळी

मोनालीचं डोकं सकाळपासून भणभणत होतं. नत्थूमामाच्या तळ्यातल्या रोहूंच्या कल्ल्यांत हगवण लावणाऱ्या जंतूचं जनुक सापडलं होतं. तपासणीत त्याची पट्टी लख्ख उमटली होती. आणि त्याच तळ्याचं पाणी मात्र साफ, पट्टीचा मागमूस नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं?

"मासे पाण्यातच राहतात ना गं, की झाडावर?" प्रयोगशाळेच्या नूपुर मॅडम म्हणाल्या. "तुझाच हात लागला असेल कुठेतरी. पुन्हा कर."

मोनालीनं पुन्हा केलं. हातमोजे नवे, रसायनं नवी. खात्रीसाठी नुसतं शुद्ध पाणी घालून ठेवलेली नळी कोरी निघाली, म्हणजे तिच्या हाताचा दोष नव्हता. मासे पुन्हा दोषी आणि पाणी पुन्हा निर्दोष. आपण शिकलो ते खरं की दिसतं ते खरं, हेच तिला कळेनासं झालं.

परक्याचं तळं असतं तर तिनं अहवाल लिहून हात झटकले असते. पण हा सख्खा मामा. कुही गावाकडे शेततळ्यात त्यानं जिवापाड जपून मासे वाढवले होते. मागे एकदा मोठ्या मायेनं त्यानं बहिणीकडे, शहरात नंदनवनला मासळी आणून दिली, आणि सिंधूताईंचं पोट जे बिघडलं ते अजून ताळ्यावर नव्हतं. मोनालीच्या या आईच्या तोंडाला कुठलं झाकण! "नत्थूच्या मासळीनं मले झोपवलं" हे त्यांनी फोन करकरून साऱ्या गोतात पोचवलं. गोतातून ते गिऱ्हाइकांत गेलं. तळ्याकडे कोणी फिरकेना आणि बहीणभावात अबोला धरला गेला.

शेवटी मामानंच मासे आणि तळ्याच्या पाण्याची बंद बाटली एका पिशवीत घालून आणून बहिणीच्या दारात ठेवली. घरात पाऊल न टाकता तो परत गेला आणि भाचीला फोन केला. "पोरी, आता तूच सांग. तुह्या मशीननं खराब म्हटलं, तं तळं बुजवून टाकतो मी." मामा रडत नव्हता, पण आवाज रडल्यासारखाच होता. दुसऱ्या दिवशी मोनालीनं फ्रिजमधली ती पिशवी उचलली आणि प्रयोगशाळेत नेली.

संध्याकाळी ती तशीच गोंधळलेली घरी आली. जेवताना सहज बोलून गेली, "मामाची मासळी किती साफ होती वं आई. चिकटासुद्धा नव्हता."

"मंग! मीच धुतली ना." सिंधूताईंचा चेहरा फुलला. "भांडण हाय ते माह्यं अन् नत्थूचं. पण पोरगी आपली एवढ्या मोठ्या लोकाईत बसते. मासळीच्या वासानं तुले कोणी नाक मुरडलं असतं तं? कल्ल्यात बोटं घालघालून धुतली, मंग ड्रमच्या पाण्यात बुडवून ठेवली. वास आला का कोणाले?"

"नाही आला," मोनाली म्हणाली. तिचा घास तोंडातच फिरत राहिला. आईवर चिडावं, हसावं की तिच्या गळ्यात पडून रडावं, तिला समजेना.

मोरीजवळ तो निळा ड्रम उभा होता. गटाराला लागून आलेल्या नळाला मोटर लावून आई तो भरायची, आणि प्यायचा माठही त्यातूनच. मोनाली दिवसभर बाहेर. तिची पाण्याची बाटलीसुद्धा प्रयोगशाळेतच भरली जायची. आई मात्र दिवसभर घरातच. पण आईचा ड्रम आईसारखाच घासूनपुसून लख्ख! छे, असं कसं होईल? खात्री नसताना आईला घोर कशाला लावायचा, असं म्हणून सकाळी तिनं गुपचूप ड्रममधून एक बाटली भरून घेतली. निघताना एवढंच म्हणाली, "आई, मामाचं तळं साफ असन, असं वाटून राहिलं मले."

 सिंधूताई पदरानं तोंड पुसत राहिल्या.

दिवस कलताना निकाल आला. ड्रमच्या पाण्याची पट्टी माशांच्या पट्टीच्या अगदी शेजारी, त्याच रेषेत उमटली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सारा गोंधळ फिटला, आणि मोनालीला आधी आनंदच झाला. मामा सुटला. मग तिला घरचा माठ आठवला आणि तिनं घाईघाईनं फोन लावला.

"आई, घरचं पाणी पिऊ नको. कोणालेच देऊ नको."

"अवं, ऐक तं! नत्थू आला हाय," सिंधूताई आनंदानं ओरडल्याच. "तू सकाळी म्हणली ना, तळं साफ असन. मंग राहवलंच नाही मले. मीच बोलावलं त्याले, माफी मागितली. उन्हाचा आला बिचारा. तू काय म्हणून राहिली पाण्याचं?"

 तेवढ्यात आईच्या मागून मामाचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी मोकळा झालेला.

"सिंधू, अजून एक गिलास दे वं. तुह्या माठाचं पाणी म्हणजे काय सांगू!"