बघून सांगते

आमच्याकडे सुटा कागद दिसला की त्याला पुठ्ठा घालायची खोड आहे. बाइंडिंगचा कारखाना, नऊ माणसं, दुसरं काय होणार! मी कामगार कायद्याची परिपत्रकं छापून आणली, तर कटिंग मशीनवरच्या दादांनी ती शिवून, कापडी पाठ लावून, वर सोनेरी अक्षरं ठसवून माझ्या टेबलावर आणून ठेवली. काय देखणं पुस्तक! पंधराव्या दिवशी त्यातले तीन नियम बदलले. शिवलेलं पान काही सुटत नाही, म्हणून मी नवी पानं मध्ये खोचत गेले. आता ते पुस्तक मिटतच नाही.

दादा आमच्याकडे एकोणीस वर्षं आहेत. मी दप्तर घेऊन कारखान्यात यायचे तेव्हापासून मला 'ताई' म्हणतात. वडील गेले, कारखाना माझ्या गळ्यात आला आणि पाठोपाठ हे कायदे. सकाळी डोळा उघडला की मी आधी फोन बघते, रात्रीतून काही बदललं तर नाही ना. दात घासता घासता पुन्हा बघते. नवरा म्हणतो, "अगं, सरकारसुद्धा झोपतं." झोपत असेल बापडं. मला झोप लागत नाही त्याचं काय?

आठ महिन्यांपूर्वी फर्मान आलं, प्रत्येकाला नेमणूकपत्र द्या. वडिलांनी कधी कुणाला कागद दिला नव्हता, "उद्यापासून ये" एवढंच म्हणायचे. कामावर कधी लागलात असं विचारलं, तर शिलाईवाली म्हणाली, मोठं मशीन आलं त्या आठवड्यात. दादा म्हणाले, "मी आलो तेव्हा मागची शेड नव्हती." आता शेडची तारीख मी कुठून आणू? मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. वैतागून मी सगळ्यांच्या पत्रांवर त्याच दिवसाची तारीख ठोकून दिली. नऊही जणांनी न वाचता सह्या केल्या. सुटले एकदाची, असं वाटलं मला.

मग गेल्या महिन्यात नवा नियम आला. घरच्या माणसाच्या आजारपणासाठी दहा दिवसांची रजा, पण नोकरीला वर्ष झालेल्यालाच. आणि मागच्या सोमवारी दादा टेबलाशी येऊन उभे राहिले.

"ताई, हिचं पोटाचं ऑपरेशन ठरलंय. पुढच्या बुधवारी. दहा दिवस मिळतील का? ती जरा घाबरलीय."

'जा की' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात नेमणूकपत्रांची फाइल दिसली. त्या फाइलीत, माझ्याच अक्षरात, दादांची नोकरी आठ महिन्यांची होती.

"बघून सांगते," मी म्हणाले.

"बघा. तशी घाई नाही," दादा म्हणाले. घाई होती, हे दोघांनाही कळत होतं.

मी बघत बसले. तारीख खोडावी तर खाडाखोड. जुनी तारीख घालून नवं पत्र करावं तर बनावट. नियम बाजूला ठेवून तशीच रजा द्यावी, तर गेल्या वर्षी शिलाईवालीने रजा मागितली तेव्हा, नियमात बसत नाही म्हणून मीच तिला नाही म्हटलं होतं. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरं असं केलंत तर अंगाशी येईल, असं आमच्या सल्लागारांनी बजावून ठेवलेलं. ते परगावी गेलेले आणि फोन उचलत नव्हते. कामगार कार्यालयात खेपा घातल्या. एका खिडकीने दुसरीकडे पाठवलं, दुसरीने अर्ज करा म्हटलं. शुक्रवारपर्यंत मी कटिंगच्या बाजूने जायचंच टाळू लागले. पाणी प्यायलासुद्धा अंगणातून वळसा घालून जायचे.

सोमवारी दादांनी गाठलंच. "काही कळलं, ताई?"

"बघतेय."

"बरं."

बुधवारी सव्वाअकराला सल्लागारांचा फोन आला. मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

"अहो, कमीत कमी किती द्यायचं ते कायदा सांगतो. त्याहून जास्त देऊ नका असं कुठे म्हणतो? यापुढे अशी रजा सगळ्यांना, अशी एक ओळ लिहा आणि त्यांना पाठवा. तारीख नंतर दुरुस्त करू. तुमच्याच कारखान्यात रजा द्यायला तुम्ही कुणाची परवानगी शोधताय?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन तसाच टाकून मी कटिंगकडे धावले.

दादा गठ्ठ्याच्या कडा ठोकून सारख्या करत होते.

"दादा, रजा दिली! जा तुम्ही. आजच ना? किती वाजता आहे?"

"अकराला आत नेणार होते." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "ऑपरेशनच्या कागदावर सही मेव्हणीने केली. तिचा फोन आला होता मघाशी. आत नेईपर्यंत ही विचारत होती म्हणे, हे आले का."

"अहो, मग तुम्ही इथे काय करताय!" मी ओरडलेच.

"तुम्ही बघून सांगते म्हणाला होतात."

आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. शिलाईवाली काम थांबवून माझ्याकडे बघत होती, आणि मला तिच्याकडेही बघवेना.

दादांनी मशीन बंद केलं, हात धुतले, डबा पिशवीत टाकला. मी दारात गाडी थांबवून ठेवली होती. ते भराभर आले आणि दाराशीच अडले. तिथे बाहेर जाण्याची नोंदवही आहे. कामाच्या वेळेत नोंद केल्याशिवाय कुणी उंबरा ओलांडायचा नाही, हा माझाच हुकूम. त्यांनी नाव लिहिलं. वेळ लिहिली, अकरा बावीस. पुढच्या रकान्यावर पेन थांबलं.

"ताई, 'कारण' म्हणून काय लिहू? म्हणजे नंतर चूक नको निघायला."

मी वही ओढून घेतली. दादा तरी हातात पेन धरून उभेच राहिले.